चिमीच्या टाळूचे दोन साचे

तुझ्या ताटाच्या जागी आपल्या चिमीच्या वरच्या दातांचे प्लास्टरचे दोन साचे ठेवलेत, मीच कामावर, दातांच्या लॅबमध्ये ओतलेले. डावा दोन वर्षांपूर्वीचा, उजवा कालचा. टाळूची रुंदी अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढलेली नाही, पुढचे दात एकमेकांवर चढलेत. नाक चोंदलेलं, म्हणून पोर तोंडाने श्वास घेते. त्यामुळे जीभ खाली राहते, टाळू रुंदावत नाही, चेहरा लांबट होत जातो.

नाकामागची गाठ काढा, असं डॉक्टरांनी तेव्हाच लिहून दिलं होतं. तो कागद काल तुझ्या कपाटात टायांखाली सापडला. मला तू सांगितलंस, "मोठी झाली की सवय सुटेल म्हणाले डॉक्टर." आणि चारचौघांत तिला, "तोंड मिट गं, माशी शिरेल!"

साडेसातला तुझे आईबाबा जेवायला येतायत. मी काही शिजवलेलं नाही. दोघांच्या ताटात त्या कागदाची झेरॉक्स ठेवली आहे. तुझा चेहरा बघायला मी नसेन, एवढंच वाईट वाटतं.

चिमीला दवाखान्यात दाखल केलंय, उद्या सकाळी ऑपरेशन. तिचे कपडे न्यायला घरी आले होते. मघाशी तिथे नर्सने विचारलं, "घरी न्यायला बाबा येणार ना?" दोन वर्षं ओठांवर येऊन गिळलेलं वाक्य मी चिमीसमोरच मोठ्याने बोलले, "नाही. आम्ही दोघी आता वेगळ्या राहणार आहोत."