भिंतीवरचा नंबर

१४ जुलै

बंद! नऊ वर्षांचा नंबर समितीच्या बैठकीत चहा यायच्या आत बंद करून टाकला. खजिनदार शेखरराव म्हणाले, "स्नेहलताई, महिनाभर हा फोन वाजलेला नाही. कशाला पोसायचा?"

वाजेल कसा? आपल्या संस्थेचा मदतीचा फोन आहे द्राक्षबागांवर जाणाऱ्या मजुरांसाठी! पावसाळ्यात ही माणसं पेठ-सुरगाण्याला आपल्या घरी भात लावत असतात. दिवाळीनंतर खाली उतरतात, मग कुणी आजारी पडतं, मुकादम गाडी देत नाही — तेव्हा वाजतो. सगळं सांगितलं. उत्तर काय? "नव्या इंटरनेटबरोबर फोन फुकट मिळतोय." फुकट — पण नंबर दुसरा! जुना पाड्यापाड्यांवर भिंतींवर रंगवलाय. पोराटोरांना तोंडपाठ आहे.

"भिंती पुन्हा रंगवू." कोण रंगवणार? कधी?

१५ जुलै

राग जातच नाही. देणगीदारांना उद्घाटनाचा मंडप चालतो, त्यांच्या नावाचा फलक चालतो, हॉटेलातलं जेवण चालतं. फोनचं बिल मात्र 'वरखर्च'! मजुराशी बोलणं हेच आपलं काम, आणि बोलण्याचा खर्च वरचा? शेखररावांनाही हे कळतं. त्यांच्या हातात खरंच काही नाही, म्हणून तर जास्त चिडचिड होते. भांडायचं कुणाशी?

३ ऑगस्ट

नवं इंटरनेट दिवसभर गुल. फुकटचा फोनही त्याच्याबरोबर गेला. वा!

११ डिसेंबर

पेठकडचा मंगळू ऑफिसात आला. बस म्हटलं तरी उभाच. धाकटा भाऊ लखन बागेत फवारत होता, औषध डोळ्यांत गेलं. मुकादम म्हणाला, पाण्यानं धू. "ताई, तुमाला फोन लावला. कोन बाई वरडली — परत लावशील त पोलिसात देईन. मंग नाय लावला." दवाखान्यात नेईपर्यंत दोन दिवस गेले. लखनच्या एका डोळ्याचं दिसणं गेलं.

मंगळू माझ्यावर रागावला नाही. रागावायला हवं होतं!

संध्याकाळी शेखररावांना सांगितलं. ते हिशेबाची वही मिटून उठून गेले. आज मला त्यांचं उठून जाणंही सहन झालं नाही.

१२ डिसेंबर

जुना नंबर स्वतः फिरवला. कंपनीनं तो दुसऱ्याला देऊन टाकलाय! "आला आनखी एक!" — बाईंचा आवाज. मी कोण ते सांगितलं, तर अशी तोफ सुटली! लासलगावच्या कुसाबाई. कांदा मार्केटबाहेर चहाची टपरी. उद्या जाते.

१३ डिसेंबर

गेले होते. ट्रॅक्टरांच्या रांगेतून टपरी शोधली. म्हटलं, नंबर परत द्या, तुम्हाला नवा घेऊन देते.

"का म्हून? बँकेला ह्यो, गॅसला ह्यो, गिऱ्हाइकाला ह्यो! नंबर तुमी सोडला, आन् शिव्या मी खायच्या व्हय? लोकं रडत्यात फोनवर. मी काय करू त्यांचं?"

खोटं काय होतं त्यात? मी लखनचं सांगितलं. त्यांच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "फवारनीवाला? त्यो... त्याच्या भावाला मीच वरडले व्हय?" मग गाळणी खाली ठेवून, "कोन्ता डोळा?"

उजवा, म्हटलं.

नंबर नाहीच दिला. आपला नवा नंबर मात्र टपरीच्या पत्र्यावर खडूनं लिहून घेतला. कुणाचा फोन आला तर हा सांगा, म्हटलं. "बघू," म्हणाल्या. बघू! परत येताना बसमध्ये मला रडू आलं — रागाचंच.

१९ डिसेंबर

भिंती रंगवायला यंदा तरतूद नाही, असं समितीचं लेखी उत्तर. लेखी!

२१ डिसेंबर

सकाळी कुसाबाईंचा फोन. "ताई, एक पोरगी बोलली. दिंडोरीकडं बागंच्या शेडात सहा जनान्ला कोंडलंय, मोबाईल काढून घेतलेत. कोनाच्या तरी फोनवरनं चोरून लावला व्हता तिनं, तुमचा नंबर सांगंपर्यंत कोनी हिसकला. पन जागा समदी इचारून घेतलीय म्या. ल्ह्या!"

मी लिहून घेतलं. मान वर केली तर शेखरराव गाडीची किल्ली घेऊन दारात उभे.