भजनासाठी मशीन

४ जानेवारी १९८६
नवीन वर्षाचा संकल्प: घरात गाणी-भजनं वाजवणारं, जमलं तर चित्रंही दाखवणारं मशीन घ्यायचं. स्वस्त आणि टिकाऊ. वाचून वाचून डोळे दुखतात, म्हणून थोडं ज्ञान आता कानांनी घ्यावं म्हणते. घर लय शांत वाटून राहिलं, असं उमरेडचे रुपराव भाऊजी म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

भाऊजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. त्यांच्या मुलीच्या, चंद्रकलेच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट देऊन गेले. म्हणाले, वहिनी, याच्यात दादा हाय, पंगतीत बुंदी वाढून राहिले. एवढी एकच हाय, जपून ठेवजा.

लग्न मे महिन्यातलं. हे ऑगस्टमध्ये गेले. कॅसेट पेपरात गुंडाळलेलीच होती, तशीच कपाटात लुगड्यांखाली ठेवली. तिचा आणि मशीनचा काही संबंध नाही.

१२ जानेवारी
वाचनालयात एका मासिकात ‘घरगुती करमणुकीची साधने’ हा लेख वाचला. दोनदा. आता या विषयात मला कोणी फसवू शकत नाही. टू-इन-वनमध्ये रेडिओ आणि टेप, पण चित्र नाही. व्हीसीआर कॅसेट भरतोही आणि दाखवतोही. व्हीसीपी नुसता दाखवतो, म्हणून स्वस्त. मला भरायचं काही नाही. भजनांना चित्र कशाला, असा प्रश्न एखाद्याला पडेल. दर्शन घडतं.

टीव्ही घरात आहेच. छोटा, काळा-पांढरा. यांनी घेतलेला. सिनेमा लागला की आधी खोलीतला बल्ब मालवायचे. कोराडीच्या वीजघरात नोकरी. तिथे दिवसभर वीज बनवायची आणि घरी येऊन वाचवायची. भाजी चिरताना तीनदा अंधारात बसवलंय मला.

२० जानेवारी
शेजारी यमुताईकडे हळदीकुंकू. विधवेला बोलावत नाहीत. तिच्या व्हीसीआरचा आवाज मात्र भिंतीतून आला, त्याला कोणी सौभाग्य विचारलं नाही. संध्याकाळी ती स्वतः तीळगूळ घेऊन आली. म्हणाली, अनुसयाबाई, रुपरावजीनं सांगतलं मले कॅसेटचं. आमच्या घरी मशीन हाय. काहून ठेवून राहिल्या वं? या, पाहून घ्या.

मी म्हटलं, बघू. दुसऱ्याच्या घरी बसून पाहायचं म्हणजे आपण पडद्याकडे पाहायचं आणि बाकी सगळ्यांनी आपल्याकडे. तो खेळ मी तेराव्यापर्यंत पुष्कळ दाखवला.

२७ जानेवारी
सदरच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, काय पाहाचं हाय बाई तुमाले, त्याच्यावर मशीन ठरते. भजनं, म्हटलं. त्यानं टू-इन-वन काढला. मी विचारलं, समजा कोणाकडे लग्नाची कॅसेट असली, तर? तो म्हणाला, घेऊन या, लावून दाखवतो. असं चारचौघांत, रस्त्यावरचे लोक काचेतून बघताहेत आणि हे बुंदी वाढताहेत! कोणाकडे म्हणजे माझ्याकडे नव्हे, असं सांगून बाहेर पडले. दुकानदारांना ग्राहकाची पारख राहिली नाही.

नव्या व्हीसीपीची किंमत ऐकून ज्ञानात भर पडली. सेकंडहँड घ्यावा. मासिकात तसं सुचवलेलंच आहे, छापलेलं नसलं तरी.

९ फेब्रुवारी
कोराडीला जाऊन आले. वीजघराच्या राखेने बस पांढरी, मी पांढरी, साडी पांढरी होतीच. यांच्याबरोबर काम करणारे जागेश्वर भाऊजी आपलं फॉरेनचं मशीन विकताहेत. किंमत ऐकून मी गंभीर चेहरा केला आणि आतून नाचले.

भाऊजी सज्जन माणूस, पण बोलतात फार. म्हणाले, वहिनी, हे लहान कॅसेटवालं हाय. आता समद्या व्हिडिओ लायब्रऱ्या मोठ्याच कॅसेटा ठेवून राहिल्या, म्हणून तं स्वस्तात देतो. तुमच्यापाशी हाय का एखादी कॅसेट?

नाही, म्हटलं.

मंग ठीक हाय, म्हणाले. संगं कुस्त्यांची कॅसेट फुकट देतो. मग यांची आठवण काढली. कँटीनमध्ये माणसं जेवत असताना बाबनरावजी खिडकी उघडायचे आणि दिवे मालवायचे. कोणी बोंबललं की म्हणायचे, सूर्य काय तुझ्या बापानं भाड्यानं आणला का गा? मी पैसे मोजून दिले आणि बस पकडली.

लहान कॅसेट म्हणजे जागा कमी लागेल. सौदा उत्तम.

१० फेब्रुवारी
मशीन स्टुलावर बसवलं. वर क्रोशाचा रुमाल. समोर एक तांबडा दिवा आहे, तो मशीन बंद केलं तरी जळतो, प्लग काढला तरच विझतो. राहू दिला. संध्याकाळी बाहेरून आलं की घरात कोणी असल्यासारखं वाटतं. म्हणजे मशीन आहे हे लक्षात राहतं, एवढंच.

कुस्ती पाहिली. दोन जाडे परदेशी एकमेकांना मिठी मारून उभे. चित्र स्वच्छ. भजनाचा योग अजून नाही.

१६ फेब्रुवारी, दुपार
दार लावलं. लुगड्यांखालची कॅसेट काढली. केवळ चाचणीसाठी. कुस्तीची एकदा पाहून झाली होती आणि हाताशी दुसरी नव्हती.

जात नाही.

आडवी धरली, उभी धरली. हलकेच ढकलली, मग हलकेच नव्हे. लहान तोंडी मोठा घास. कॅसेटा बनवणाऱ्यांनी एक माप ठरवू नये, हा जगाचा हलगर्जीपणा. माझी निवड चूक नाही. मशीन उत्कृष्ट आहे. कॅसेट मोठी आहे.

तीच, संध्याकाळ
उपाय सापडला. दोन्ही कॅसेटा शेजारी ठेवून पाहिल्या. कॅसेटच्या खिडकीतून दिसणारी फीत सारख्याच रुंदीची! माझ्या बाबांचा उमरेडला हातमाग होता. मोठ्या लडीवरचं सूत लहान कांडीवर भरणं हे मी सातव्या वर्षापासून केलं आहे. ही फीत म्हणजे चपटं सूत. मोठ्या डब्यातली लहान डब्यात भरायची. कुस्ती गेली तर कोणाला दुःख नाही. हे मासिकवाल्यांना सुचलं नाही, कारण त्यांच्यापैकी कोणी मागावर बसलेलं नसणार. लेख लिहून पाठवावा.

उद्या स्क्रू खोलते.

१७ फेब्रुवारी
स्क्रू खोलले. झाकण निघालं. एक स्प्रिंग उडाली, ती सापडली नाही. सुतात स्प्रिंग नसते.

सुरुवात छान झाली. मग फीत पीळ घेऊ लागली. सूत पीळ घेतं तेव्हा हाताला आधी कळतं. हिचं काही कळलं नाही. बघता बघता मांडीवर चुरगळलेल्या फितीचा ढीग, आणि त्यात हे कुठे आहेत ते कळायला मार्ग नाही. खिडकीशी धरून पाहिली. नुसती तपकिरी. एवढं लग्न, एवढी माणसं, आणि दिसत काही नाही.

ओरडले असेन. यमुताई मागच्या दारातून आली आणि कपाळावर हात मारून घेतला. हे का करून राहिल्या वं बाई! कॅसेट हाय का सुताची लडी? आणि माह्या घरी का वाघ बसला होता?

तिनं पदर पसरला, सगळं त्यात उचललं, लहान लेकरू उचलावं तसं, आणि व्हिडिओ लायब्ररीवाल्या केशवकडे घेऊन गेली. मी मागून गेले नाही. घरीच बसले. दिव्याकडे बघत.

१९ फेब्रुवारी
केशवने चुरगळलेला भाग कापून उरलेला जोडला आणि नव्या डब्यात घातला. यमुताईबरोबर निरोप: लग्नातली हळद गेली काकू, बाकीचं काय वाचलं ते लावल्याशिवाय नाही सांगू शकत.

पंगत कुठे होती, काय माहीत. कापलेली फीत त्यानं टाकून दिली का, हे विचारायला हवं होतं.

जेवण केलं नाही. भूक नव्हती, दुसरं कारण नाही.

२३ फेब्रुवारी
गेले यमुताईकडे. मशीनची तुलना करायला.

खोलीत निम्मी गल्ली. यमुताईने मला पुढे बसवलं आणि बाकीच्यांना दम भरला, कोणी हिच्याकडे पाहाचं नाही वं, समोर पाहा. मग झाडून सगळ्यांनी समोर पाहिलं. इतकं, की कोणाच्या मानेला रग लागली असेल.

पडदाभर लग्न. वरून शूटिंगवाल्याने सिनेमाचं गाणं चढवलेलं. माणसांची तोंडं हलतात, आवाज एकाचाही नाही. म्हणजे यांचा आवाज मुळात नव्हताच. लुगड्यांखाली दीड महिना मी जपली ती गोष्ट त्यात कधीच नव्हती.

मग पंगत आली. पंगत वाचली होती. हे आले. बादली, खांद्यावर टॉवेल, सदऱ्याचं वरचं बटण उघडं, मी लावायला सांगितलेलं. दोन पानांवर बुंदी वाढली. तिसऱ्यावर थांबले. वर पाहिलं. भर दुपारी कॅमेऱ्याशेजारी लाईटवाला तो मोठा दिवा पाजळून उभा असणार. यांनी बादली खाली ठेवली. सरळ आमच्याकडे चालत आले. तोंड हललं. हात वर गेला.

अंधार.

कॅमेराही त्याच वायरवर असणार. पुढचं चित्र एकदम बिदाईचं.

सगळी खोली हसली. मीही. यमुताईने न विचारता फीत मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा आले, पुन्हा मालवला. तिसऱ्या खेपेला गाण्याच्या वरून तीच मोठ्यानं म्हणाली, सूर्य काय तुझ्या बापानं भाड्यानं आणला का गा? म्हणजे यांचं बोलणं कँटीनपासून भिंतीपलीकडेही पोचलेलं. त्यानंतर कोणी हसलं नाही. पलीकडच्या नत्थूजींनी डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितलं.

यमुताई म्हणाली, रोज या. आता या घरात वाघ नाही, हे पाहिलं ना तुम्ही?

घरी आले. खिडकीतून चांगलं ऊन आत आलेलं, आणि स्टुलावर तो तांबडा दिवा उगाच जळत होता. दोन आठवडे.

प्लग काढला.

यमुताईकडे उद्या पुन्हा जायचं आहे. भजनांची कॅसेट तिच्याकडे आहे का, ते विचारायला.