होर्डिंगच्या डाव्या कोपऱ्यात

१२ फेब्रुवारी
होर्डिंग लागलं. सदर भागात, सिग्नलसमोर. रिसॉर्टच्या मॅनेजरचा सकाळीच फोन, "दिवाकरजी, आपका शेर देख आइए, पूरा शहर देख रहा है." वाघीण आहे ती. सांगितलं नाही, गिऱ्हाईक आहे.
सौ.ला स्कूटरवर घेऊन गेलो. कळमेश्वरला पासपोर्ट फोटो काढत होतो तेव्हा माझं काम बोटभर चौकटीत मावायचं. आज चाळीस फूट. सौ. म्हणाली, "अगं माय! माह्याकडेच पाहून राहिली ना ते!"
मीही पाहत होतो. मग नजर खाली गेली, डाव्या कोपऱ्यात.
घरी येऊन जेवलो नाही. पित्त झालं म्हणून सांगितलं.

१३ फेब्रु.
लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात भणभणत राहील.
गेल्या महिन्यातली सकाळची सफारी. गाईड महादेव. जुनी ओळख, त्या दिवशी पाळी त्याचीच लागली. चितळ ओरडलं, पाठोपाठ वानर. बाकीच्या जिप्स्या पाणवठ्याकडे पळाल्या. मी म्हटलं थांबा, आवाज नाल्याकडचा आहे. लोक म्हणतात दिवाकरची नजर. नजर सगळ्यांनाच असते, माझं पोट कानावर चालतं. पाच मिनिटांत वाघीण नाल्यातून वर.
जिप्सीतून काढला की फोटो वरून खाली पाहिल्यासारखा येतो. तसे रोज शंभर निघतात. मला तिच्या डोळ्याला डोळा हवा होता. उतरलो. एक गुडघा टेकला. वीस सेकंद असतील. महादेव मागून दात आवळून, "भाऊ, वर या ना. मले मारता काय!"
जंगलात गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, हे गेटवरच बजावतात. पर्यटकाला उतरू दिलं तर गाईडचं नाव पाळीच्या यादीतून कायमचं जातं. माझाही प्रवेश बंद.
सूर्य पाठीशी होता. फोटोत खाली जिप्सीची लांब सावली, आणि तिला लागून गुडघ्यावर बसलेल्या माणसाची, माझी.
एरवी कडा कापून देतो. होर्डिंगला आडवी, मोठी चौकट पाहिजे म्हणाले, म्हणून पूर्ण फ्रेम पाठवली. पाठवण्याआधी पन्नासदा पाहिली. डोळे पाहिले. मिशा पाहिल्या.

१५ फेब्रु.
होर्डिंगखालच्या टपरीवर दोन चहा. फक्त ऐकत बसलो. कॉलेजची दोन पोरं वर पाहून—
"खोटा आहे बे. कॉम्प्युटरवर बनवला."
"नाही तर काय. वाघ असा उभा राह्यते काय?"
माझ्या कामाला कोणी खोटं म्हटलं आणि बरं वाटलं, असं पहिल्यांदाच. तेवढ्यात एक खाकीवाला थांबून वर पाहू लागला. कप हातात तसाच. साधा पोलीस हवालदार निघाला, वनखात्याचा नाही. घाम पुसत होता बिचारा.

१६ फेब्रु.
मॅनेजरला फोन. म्हटलं, खाली डावीकडे रंग बिघडलाय, नवीन फाइल देतो, छपाई माझ्याकडून. तो म्हणे, "अरे छोड़िए! वो परछाईं ही तो सबको पसंद आ रही है. लगता है हम खुद वहाँ बैठे हैं."
आता कॅलेंडरवरही तीच फ्रेम घेणार.

१८ फेब्रु.
मौद्याला लग्नाचे फोटो, ओळखीखातर. नवरा-नवरी सोडून सावल्याच पाहत होतो.
फोटोग्राफरांच्या ग्रुपवर एकानं टाकलं: "काय अँगल दिवाकरभाऊ! खाली उतरून बसले होते का?" पुढे हसरे चेहरे. हसतोय की विचारतोय? लेखी शब्दाला आवाज नसतो, तिथे माझे कान बेकार.
लिहिलं, "दांड्याला कॅमेरा लावून गाडीतून खाली सोडला होता."
झालं. आता हे खोटं माझ्या नावावर आहे.

२१ फेब्रु.
सकाळी सातला महादेवचा फोन. मागे कुकरची शिट्टी. सात वाजता हा माणूस जंगलात असतो, घरात नाही.
"काहून गा, घरी?"
"काही नाही भाऊ. फॉरेस्टच्या साहेबानं बोलावलं होतं, चौकशी होईस्तोवर पाळी बंद केली. मोबाईलवर तुमचं होर्डिंग दाखवलं. इचारलं, हा माणूस कोण?"
"मग?"
"मी म्हटलं, मीच आहो. चाक पाहाले उतरलो होतो."
सौ.ला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन घेऊन गॅलरीत गेलो.
"तुमाले उतरू देलं म्हटलं तर कायमचा गेलो ना भाऊ. मी उतरलो म्हटलं तर दोन महिने घरी बसवतीन. तुमी बी तेच सांगा. सोमवारी साहेबानं तुमाले बोलावलं आहे. असली फाइल घेऊन या म्हणते."
मोबाईलवर सावली बारीक दिसली असेल. मूळ फाइलमध्ये मोठी केली की कोपर दिसतं, आणि कोपराच्या पुढे हातभर लांब लेन्स. चाक पाहणारा माणूस लेन्स घेऊन बसत नाही.

२३ फेब्रु.
फाइल उघडली. सावलीतली लेन्स पुसायला पाच मिनिटं लागतात. मी तीन मिनिटांत पुसली. मग सेव्ह न करता फाइल बंद केली. चौकातला फोटो कसा पुसू?
सौ.ला सगळं सांगितलं. भाजी निवडत ऐकत होती. एवढंच म्हणाली, "खरं सांगतलं तर तो खोटा पडते. खोटं सांगतलं तर तुमी दोघंही सापडता. उतरताना हे नाही सुचलं काय?"
नव्हतं सुचलं. तेव्हा वाघिणीची भीती वाटली नाही, आता एका साहेबाची वाटते.

२६ फेब्रु., सोमवार
वनखात्याचं ऑफिस, बाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात, फाइल न पुसलेली. महादेव माझ्या आधीच आलेला, इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी केलेली. माझ्यासाठी घरून डबा आणला आहे. नको म्हटलं तर म्हणे, "खा भाऊ, उपाशी माणूस लवकर खरं बोलते." हसला. मीही.
आतून आवाज येतात. खुर्ची सरकली. कॉम्प्युटर सुरू झाल्याची टुण्. कोणीतरी म्हणालं, "मोठ्या स्क्रीनवर लावा."
पट्टेवाला दारात. एकेक जण या म्हणतो. महादेव उठला. त्याचा हात धरून खाली बसवलं, म्हटलं मी जातो आधी.
"मी सांगतलं तेच तुमी सांगान ना, भाऊ?"
वाट पाहून राहिला आहे. मी वही मिटायची म्हणून पेनाचं टोपण शोधतो आहे.