ओढ्याकाठची फेरी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

नाही म्हणजे नाही! घरात बसून राहणार नाही.

काल डॉक्टर म्हणाले, "डोळ्यातला पडदा निकामी होत चाललाय. औषध नाही. दोन वर्षं, चार वर्षं— सांगता येत नाही." आत्ताच नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोरच्याचा चेहरा दिसतो, हातातली पिशवी दिसत नाही. एक्केचाळीस वय माझं!

घरी आल्यावर रोहिदास टेबल, खुर्च्या, कूलर सगळं भिंतीला लावायला लागले. चाकणला कंपनीत मशीनवर आयुष्य गेलंय ह्यांचं. हाताला काम नसेल तर ह्यांना रडूही येत नाही.

मोनिका ताथवड्याहून कॉलेजमधून आली आणि नुसती बिलगून बसली. म्हणाली, "आई, मी आहे ना." आहेस गं. पण मला कुणाच्या हाताला धरून संडासापर्यंत जायचं नाही.

५ नोव्हेंबर

शेजारची बिल्किस स्कूटीवर घालून चऱ्होलीच्या पुढच्या टेकडीवर घेऊन गेली. वनखात्याचं रान. फाटकापासून वाट वर चढते, झाडीतून फिरून खाली उतरते आणि ओढ्याच्या काठाकाठानं परत फाटकाशी येते. आमच्या आकुर्डीत रस्त्यावर पाय टाकायची भीती वाटते— खोदलेले फुटपाथ, उलट्या बाजूनं येणाऱ्या गाड्या. इथे फाटा नाही, काही नाही. चालत राहिलं की माणूस परत येतो.

ठरवलं! ही फेरी पाठ करायची. दिसतंय तोवर.

बिल्किस म्हणाली, "वेडी आहेस का गं?" थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "मंगळवार-शुक्रवार जमेल मला. शुगर माझीपण वाढलीय."

१२ नोव्हेंबर

सालईची साल कागदासारखी सुटते. कांडोळाचं खोड गुळगुळीत, गार. पांगाऱ्याला काटे— त्याला लांबूनच नमस्कार! ओढ्याचा आवाज डाव्या कानात आला की उतार सुरू.

फाटकावर दत्तोबा असतात, राखणीला. माझी नवी पांढरी काठी बघून म्हणाले, "बाई, एकटीला न्हाई सोडायचो. बिबट्या हिंडतोय."

"एकटी कुठंय? ही आहे की."

"ही काय करणार हाय बिबट्याला?"

"मी बोलत राहीन," बिल्किस म्हणाली, "कंटाळून जाईल तो."

दत्तोबा खोकेपर्यंत हसले. सोडलं.

१५ नोव्हेंबर

मोनिकाची ओढणी डोळ्यांवर बांधून कांडोळापर्यंत गेले. तेवढ्यानंच घामाघूम.

२२ नोव्हेंबर

पडले. ओढा ओलांडताना दगडावर शेवाळ होतं. मनगट मुरगळलं, साडी चिखलानं भरली. बिल्किस घाबरून आधी मलाच ओरडली, मग रडायला लागली.

रोहिदास म्हणाले, "झालं समाधान? आता परत जाऊन बघ."

"बघायचंच तर चाललंय सगळं!" मी म्हटलं.

बाथरूमचा नळ सोडून रडले. मनगटासाठी नाही. पडताना हात आपोआप हवेत गेला होता— कुणीतरी धरावं म्हणून.

२३ नोव्हेंबर

जाणार.

३ डिसेंबर

गेले. पाणी कमी झालंय. दगडांवरून बसून, सरकत सरकत पलीकडे. लाज कसली! पक्ष्यांनी बघितलं असेल तर बघू दे.

आता करंजांखाली हवा एकदम गार लागते, तिथून फाटक जवळ, हे अंगाला कळायला लागलंय. कुणी सांगावं लागत नाही.

२७ डिसेंबर

पूर्ण फेरी!! डोळे बांधून! बिल्किस मागे, तोंडातून शब्द न काढता— तिच्यासाठी हेच जास्त अवघड. शेवटी फाटकाची साखळी हाताला लागली तशी मी मोठ्यानं ओरडलेच.

"आलात की वो!" दत्तोबा म्हणाले. त्यांच्या थर्मासमधला अर्धा चहा मला दिला.

घरी रोहिदासना सांगितलं. ह्यांनी माझे चिखलाचे बूट उचलले, मोरीत नेऊन ब्रशनं घासले आणि उन्हात ठेवले.

२९ डिसेंबर, रविवार

आज मोनिकाला दाखवायला नेलं. बिल्किसही आली. दुपार टळल्यावर निघालो. मी पुढे, ओढणी बांधून. काय तोरा माझा! झाडांना हात लावून नावं सांगत होते.

करंजांखाली आलो तशी मागे ठेच लागल्याचा आवाज. मग मोनिका— "आई, थांब ना. केवढा अंधार झाला इथे!"

"अंधार?" बिल्किस म्हणाली. "अगं, ऊन आहे की अजून. पानातून खाली आलंय बघ."

मी ओढणी सोडली. मला अंधुकच दिसलं, ते माझं नेहमीचं. पण बिल्किसला वाटेवरचा खडा न् खडा दिसत होता. आणि माझी वीस वर्षांची पोरगी दोन्ही हात पुढे करून उभी होती.

माझं असंच सुरू झालं होतं. सावलीत. मी डोळ्यांत धूळ गेली म्हणायचे.

"चष्मा बदलायला झालाय बहुतेक," मोनिका म्हणाली.

"असेल," मी म्हटलं. "खांदा धर माझा. इथून पुढे वाट उजवीकडे वळते."

बाहेर आणलं तिला. पाय एकदाही चुकला नाही.

७ जानेवारी २०२५

मोनिकालाही तेच. माझ्याकडूनच आलंय, डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आई, मीपण ओढणी बांधू का?"

म्हटलं, नाही. आधी सगळं डोळे भरून बघून घे. आपल्याला वेळ आहे.