जावईबापूंची पांढरी पूड

विहीणबाईंना माझा हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? जिना चढताना कुरकुरतो असं तुम्ही लिहिलं होतं. तुमचे चिरंजीव बसल्या जागी कुरकुरतात, त्या मानाने गुडघा बराच म्हणायचा. इकडे माणसं ठीक आहेत. डुकरं ठीक नाहीत, आणि डुकरं ठीक नसली की या घरात माणसांची विचारपूस कोणी करत नाही.

आडपडदा न ठेवता सांगते. जावईबापू शेड विकायला निघालेत, चाळीस डुकरांसकट. सोमवारी गिऱ्हाईक येणार. मग म्हणे शहरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि जावईबापूंना कुठल्याशा कारखान्यात नोकरी. तिसऱ्या मजल्यावर मी दिवसभर काय करायचं ते कोणी ठरवलेलं नाही. गॅलरीत उभी राहून खालच्यांची टकलं मोजीन. आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली शेड मी मोठ्या मनाने जावयाच्या नावावर केली (मोठं मन हे दुखणंच आहे, त्यावर अजून पूड निघालेली नाही).

पुडीवरून आठवलं, सगळं रामायण तिच्यामुळेच. तुमचे चिरंजीव तीन दिवसांच्या कसल्या शिबिराला गेले आणि एक फाइल व लायसिन नावाच्या पांढऱ्या पुडीचं पोतं घेऊन आले. डुकराच्या अंगावर मांस चढणं म्हणजे भिंत बांधणं, तिला नाना तऱ्हेच्या विटा लागतात, आणि आपल्या मक्यात नेमकी एक वीट कमी पडते, ती या पोत्यात आहे, असं त्यांनी मला शेडच्या दारावर खडूने काढून दाखवलं. वीट चांगली आली होती. डुक्कर उंदरासारखं आलं होतं. तरी मी मान डोलावली. घालणं-भरवणं माझ्याकडे, वजन करून फाइलीत लिहिणं त्यांच्याकडे (माणसाने झेपेल तेच काम घ्यावं).

दर शनिवारी वजन; चार शनिवार झाले, काटा जागचा हलेना. मक्याच्या दाण्यांची पोती संपली, पूड निम्म्यावर आली, डुकरं वाढली ती फक्त आवाजाने. आणि मुताला असा वास, की दारात उभं राहिलं तर डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, जावईबापू, तुमची वीट गटाराला लागली. त्यांनी फाइल मिटली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस बरे गेले.

मग जनावरांची डॉक्टरीण आली. गुडघ्यापर्यंत बूट, अंगाने काडी (आधी हिलाच कोणीतरी पूड चारावी). पण पोरीने नाक न धरता गटारात वाकून वास घेतला, तिथे ती मला पटली. उपड्या बादलीवर बसून तिने सांगितलं की मोकळी पूड आतड्यात पडली की तडक रक्तात जाते, तिला पचवायला काही लागतच नाही. दाण्यातल्या विटा मात्र फोडून काढाव्या लागतात, त्याला तासन्‌तास जातात. म्हणून दोन्ही एकाच घासात गेलं पाहिजे, तेही थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. एकटी वीट आधी पोचली तर अंग ती सांभाळून ठेवत नाही, जाळून टाकतं, आणि राख मुतावाटे बाहेर. मग तिने विचारलं, दोन्ही वेगवेगळं तर घालत नाही ना कोणी?

जावईबापू म्हणाले, "छे हो. सासूबाई स्वतः कालवतात. त्यांच्या हातून चूक व्हायची नाही."

मी बादल्या धुवायला घेतल्या. डॉक्टरीण म्हणाली, मग पूडच खोटी असणार, आणि गेली. झालं, तुमच्या चिरंजिवांनी फाइल माळ्यावर टाकली, पोतं उकिरड्यावर टाकलं, आणि हा धंदा मला जमत नाही म्हणून गिऱ्हाइकाला फोन लावला. एका पुडीपायी हात टेकले. आमच्या ह्यांची एकदा साथीत अख्खी शेड रिकामी झाली होती, तर जेवून उठले आणि कुंपण दुरुस्त करायला गेले. तुमच्या घराण्यात हा हळवेपणा कुठून आला मला माहीत नाही. राग मानू नका. मानलात तरी पत्र शेवटपर्यंत वाचा.

तुमची,
विहीण

ता.क. पोरगा तुमचं ऐकतो. रविवारच्या आत त्याला फोन करा आणि विक्री महिनाभर पुढे ढकलायला लावा. कारण काहीही द्या, आईला कारण लागत नाही.

ता.क. पण तुम्ही खोदून विचारल्याशिवाय राहणार नाही, म्हणून लिहिते. मी कालवत नव्हते. माझी रक्तदाबाची गोळी उपाशी पोटी घ्यायची असते. मला वाटलं, औषध ते औषध, डुकराचं झालं म्हणून काय. तेव्हा पूड सकाळी सहाला पाण्यातून आणि दाणे अकराला. कालवा म्हणून त्यांनी तीनदा सांगितलं होतं. जावयाला म्हणतात तसं मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

ता.क. उकिरड्यावरचं पोतं मी उचलून आणलंय. डॉक्टरीण गेल्यापासून कालवून चार वेळा घालते. वास उतरलाय. जावईबापूंना खरं मीच सांगेन, तुम्ही तोंड उघडू नका. पण आधी डुकरं भरू देत. हाडकुळ्या डुकरांसमोर सांगितली तर ती चूक, आणि भरलेल्यांसमोर सांगितला तर तो अनुभव.