अट मीच घातली होती

प्रिय चिमणे,

दादाचा फोन आला. शाळेला शिक्षकाची जागा मंजूर झाली म्हणे, आपण मागितली तशीच, अटींसकट. तुम्ही पोरापोरींनी ती अक्षरशः शिक्षण कार्यालयाच्या जिन्यावर बसून मिळवलीत. तिथेच वर्ग भरवायची कल्पना तुझी. मुलांनी वर चढणाऱ्या साहेबांनाच पाढा म्हणायला लावला आणि ते मध्येच अडकले, हे सांगताना तुझ्या बापाला हसून हसून ठसका लागला. मीही हसले. मग फोन ठेवून स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले.

तुमच्या मागण्या मी लिहायला बसले, तेव्हा तुम्हाला फक्त रोज येणारा शिक्षक हवा होता. हट्ट माझा. आदिवासी मुलांना कोणीही चालेल, असं आपणच का मानायचं? शिक्षक प्रशिक्षण घेतलेला हवा आणि त्याला आपली बोली यायला हवी. तुमचा तो पोस्टरवाला मित्र म्हणालाही, असा माणूस आणायचा कुठून? मी त्याला चांगलं भाषण दिलं. तो तेव्हा माझ्याकडे तसा का बघत होता हे मला कळलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलेय. खरंच कळलं नव्हतं का?

आपल्यात प्रशिक्षण झालेली मी एकटीच. तरी तुमच्यापैकी कोणी मला विचारलं नाही. काल दादा सहज बोलून गेला, की तू मागच्या खोलीला रंग देते आहेस. कोणासाठी, ते तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे, यांची बदली होत नाही. कारणं सगळी खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. मी एक दिवस आले होते तेव्हा जिन्यावर आपल्या बोलीत गोष्ट सांगत होते, तर मुलं एकमेकांना ढोसून हसत होती. शेवटी एका छोटीने विचारलंच, "तू आजीसारखी का बोलतेस?" माझ्याजवळ लहानपणी बरोबर आणलेलीच बोली उरलीय, तुमची पुढे गेली. पण हेही निमित्तच. महिन्याभरात जमलं असतं. खरं सांगू? इथलं खिडकीजवळचं टेबल, शाळेत शिकवून आल्यावरचा एकटीचा चहा, हे मला सोडवत नाही. लिहिताना लाज वाटते, तरी सोडवत नाही.

फोनवर तू "असू दे गं आत्या" म्हणाली असतीस आणि मी लगेच सुटले असते, म्हणून हे पत्र. मी अर्ज करणार नाही, चिमणे. महिनाअखेरपर्यंत कोणी मिळालं नाही, तर जागा परत जाईल. माझी वाट बघण्यात दिवस घालवू नका. साहेबांना भेटा, प्रशिक्षणाची अट काढायला लावा आणि तू अर्ज कर. मुलांना तू हवी आहेस, हे तर साऱ्या कार्यालयाने पाहिलंय. तुझं कॉलेज त्यात अडेल, मला कळतं. मी तुझ्या वयाची असताना माझं कॉलेज मात्र कोणीच अडू दिलं नव्हतं.

रागावलीस तरी तुझीच,
आत्या