आयझॅकची पाटी

लंडन,
रविवार, ९ मार्च १९२४

प्रिय हॅनाताई,

तू बरी असशील आणि कोंबड्यांनी थंडीचा संप मागे घेतला असेल, असं धरून चालतो. माझा खोकला गेला. तू पाठवलेले मोजे एका पायाला बरोबर बसतात, दुसऱ्याला सैल. चूक पायाची असणार.

नोकरी अजून तीच आहे, हे वाचून तू हातातला कप खाली ठेवशील. मासळीबाजार सोडला, कोळशाची होडी सोडली, पण इथून काही पाय निघत नाही. टॉलिव्हरसाहेबांच्या घराच्या तळघरात छापखाना आहे. छापखाना म्हणजे पायाने चालवायचं एक यंत्र, अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांनी भरलेली कपाटं आणि मी. साहेब स्वतः खिळे जुळवतात, मी शाई लावतो, यंत्र हाणतो, कागद वाळत घालतो. आता थोडे खिळे मीही जुळवतो. अक्षरं उलटी वाचायला लागतात. मास्तरांनी शाळेत मला उलटं शिकवलं असतं तर मी कदाचित टिकलो असतो.

छापतो काय, तर कविता. पण चॅपलमधल्या गाण्यांसारखं यमक शोधायला जाशील तर हात हलवत परत येशील. परवा एक छापली. पहिल्या ओळीत माणूस ट्राममध्ये बसलेला, तिसऱ्या ओळीत तो इजिप्तमध्ये, आणि पाचव्या ओळीत कोणीतरी अंडं सोलतंय. मी साहेबांना विचारलं, "साहेब, मधलं कुठे गेलं?" ते म्हणाले, "मधलं युद्धात गेलं, नेड." मला वाटलं थट्टा करतायत. करत नव्हते.

दर गुरुवारी वरच्या दिवाणखान्यात ही मंडळी जमतात. मला खुर्च्या लावायला बोलावतात आणि मग कोणी जा म्हणत नाही, म्हणून मी दाराशी उभा राहतो. चहा, शहाजिऱ्याचा केक, नंतर जिन. एकमेकांवर तुटून पडतात, पण शर्टाची बाही कोणी वर करत नाही. परवा एकजण म्हणाला, "तुझी कविता म्हणजे सामानाची खोली आहे, फ्रेडरिक." तर फ्रेडरिक म्हणतो, "आणि तुझी रिकामी खोली. भाडं मात्र तेवढंच." सगळे हसले आणि मग ते दोघे एकाच छत्रीतून घरी गेले. आपल्याकडे एवढ्यावर दोन घरांचं जाणंयेणं तुटलं असतं.

या सगळ्यांत मला खरी आवडते ती मिस व्हेनिंग. उंच, हाडकुळी, बोटं सिगारेटने पिवळी. तिच्या कवितांचं छोटं पुस्तक आम्ही छापतोय. आपली पानं कशी होतात ते बघायला ती तळघरात येऊन उलट्या बादलीवर बसते आणि प्रश्न विचारते. शाई कशाची असते, आपल्या गावच्या कोळशाच्या खाणीत घोडे आंधळे होतात का, आमच्याकडे प्रेमाला काय म्हणतात. मी म्हटलं, काही म्हणत नाहीत. ते तिने लिहून घेतलं.

तिकडे वारा कसा आहे? इथे झाडांना कोंब आलेत. नदीला मात्र वास आहे.

ताई, मी हे पत्र तीनदा सुरू केलं. प्रत्येक वेळी वाऱ्याशी येऊन थांबतो. आता लिहितोच.

तिने एकदा विचारलं, तू गजराच्या घड्याळाशिवाय इतक्या पहाटे कसा उठतोस? मी सांगितलं, आमच्याकडे घड्याळ नसतं, हाकाऱ्या असतो. प्रत्येक दाराशेजारी भिंतीत पाटी बसवलेली असते, तिच्यावर खाणीत जाणारा माणूस आपल्या पाळीची वेळ खडूने लिहितो, आणि म्हातारा डॉब्सन पहाटे पाट्या वाचत येतो, काठीने दार ठोकतो, नावाने हाक मारतो. ती म्हणाली, "आणि कोणी पुसायला विसरला तर?"

आणि माझी जीभ सुटली.

मी तिला सांगितलं की आमच्या गल्लीत एक पाटी अशी आहे, जिच्यावर रोज चार लिहिलेले असतात. ज्याची ती पाळी, तो युद्धात फ्रान्समध्येच राहिला. ना प्रेत आलं, ना कबर. तरी डॉब्सन रोज येतो, काठी मारतो, "उठ रे आयझॅक!" म्हणतो, आणि आतून बाईमाणसाचा आवाज येतो, "उठला, उठला." सगळी गल्ली ऐकते आणि सगळी गल्ली बहिरी असते. ती पाटी माझ्या बहिणीच्या नवऱ्याची, हे मी सांगितलं नव्हतं. पण माझा चेहरा तिने वाचला असणार. तो तर सुलटाच आहे.

गेल्या गुरुवारी तिने ती कविता वाचली. दिवाणखान्यात पहिल्यांदा कोणी भांडलं नाही. ताई, खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. डॉब्सनचा तिने मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी केलाय, ग्रीकांच्या गोष्टीतला. त्याचा दमा काढून टाकलाय. आणि शेवटी ती बाई ओल्या बाहीने पाटी पुसते, तर दारातून नदी आत येते.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली तेव्हा मी म्हटलं, "मिस, ती पुसते कशाला? तिने कधी पुसली नाही."

"कवितेला शेवट लागतो, नेड."

"तिला लागला नाही."

ती हसली. म्हणाली, "पुस्तकाची एक प्रत तुझ्या बहिणीला पाठव. तिला अभिमान वाटेल." मी म्हटलं, "मिस, आम्हाला हे ठाऊक आहे, हेच तिला आम्ही आजवर कधी सांगितलेलं नाही." तिने सिगारेट बादलीवर विझवली आणि सरळ वर साहेबांकडे गेली.

तर आता मी सांगितलं. गल्लीत कोणी केलं नाही ते मी केलं, तेही पत्रातून. ते पान जुळवून तयार आहे. मिस व्हेनिंगने साहेबांना सांगून छपाई थांबवली आहे, तुझं उत्तर येईपर्यंत. त्या पुस्तकात तीच कविता खरी, असं सगळे म्हणतात. ती काढली तर बाकीचं पुस्तक लंगडं. पण तू नको म्हणालीस तर नको. तिने शब्द दिलाय.

रागाव, पण लिही.

तुझा,
नेड


लंडन,
शुक्रवार, २१ मार्च १९२४

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. "नेड, तू जन्मापासून भोकाचं भांडं आहेस," ही सुरुवात वाचून जीव भांड्यात पडला. त्याच भोकाच्या. तू शिव्या देतेस म्हणजे अजून बोलतेस.

पुढचं वाचलं आणि यंत्राच्या कठड्यावर बसून राहिलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, तू वाट बघतेस. सगळ्यांना वाटत होतं. आणि तू लिहितेस, आयझॅक गेल्याचा सरकारी कागद आला त्याच दिवशी तू ओलं फडकं घेऊन दाराशी गेली होतीस. तिथे डॉब्सन उभा. त्याचा मुलगा विली आयझॅकच्याच पलटणीत होता आणि त्याचाही कागद आदल्या आठवड्यात आलेला. त्याने फडक्याकडे बघितलं आणि विचारलं, "उद्या किती वाजता, पोरी?" तू म्हणालीस, "चारच."

"तो समजतो तो मला सांभाळतोय," असं तू लिहिलंस. "त्यावरच म्हातारा अंथरुणातून उठतो. आयझॅक मेलाय हे मला कोणी सांगायला नको. पण आपले रेव्हरंड लंडनची पुस्तकं मागवतात आणि त्यांची जीभ तुझ्या जिभेची सख्खी बहीण, काही पोटात ठेवत नाही. पाटीचं गाणं झालंय आणि गल्ली ते वाचतेय, हे डॉब्सनच्या कानावर गेलं, तर दुसऱ्या दिवशी तो लाजेने काठी कोपऱ्यात ठेवेल. एकदा ठेवली की तो ती पुन्हा उचलायचा नाही. छापू नका."

मिस व्हेनिंग बादलीवर बसली होती. मी म्हटलं, "ताई नको म्हणते. एका म्हाताऱ्यासाठी."

"का?" ती म्हणाली, आणि तिचा हात पेन्सिलीकडे गेला. तो आपोआप जातो, कुत्र्याचे कान उभे राहतात तसा.

"ते नाही सांगणार."

ताई, जन्मात पहिल्यांदा माझं तोंड मिटलं. आणि सांगायची केवढी उबळ आली होती! कारण तुझं खरं तिच्या नदीपेक्षा कितीतरी मोठं होतं, आणि तिला ते कळलंही असतं, तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त. ती म्हणाली, "माझ्या कवितेपेक्षा बरं आहे का ते?"

"हो, मिस."

"खूप?"

"हो."

तिने पेन्सिल केसांत खोवली. "माझाही भाऊ तिकडेच राहिला," ती म्हणाली. "त्याच्यावर मला एक ओळ लिहिता आली नाही. म्हणून दुसऱ्याच्या दाराशी गेले." मग उठून म्हणाली, "मोड ते पान."

टॉलिव्हरसाहेब वरून धावत आले. "सोळा पानं मोजून बसवलीत, मधलं एक पान काढायचं कसं? सांगा ना, कसं?" बराच वेळ येरझाऱ्या घातल्या. मग एकदम थांबले. "राहू द्या कोरं. समीक्षक म्हणतील, सगळ्यांत धाडसी कविता तीच." मिस व्हेनिंग इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. ताई, पान कोरंच जाणार आहे. आणि काल गुरुवारी त्यावर वाद सुरूही झाला. फ्रेडरिक म्हणाला, जरा लांबली आहे.

वरच्या त्या माणसांनी कविता एकदा ऐकली, ते मला परत घेता येत नाही. पण ती छापलेली कुठे नाही. आम्ही दोघांनी मिळून पान मोडलं. खिळे एकेक करून आपापल्या खणात परत टाकायचे असतात. तिला खण माहीत नव्हते, मी दाखवत होतो. नावाड्याचे खिळे गेले, नदीचे गेले, आणि त्याच खिळ्यांतून आज मी एका चहावाल्याची जाहिरात जुळवली.

आता माझं एक. इथे आल्यापासून मी दिसेल त्याला प्रश्न विचारत सुटलोय. कवींना, पोलिसांना, नदीवरच्या खलाशांना. घरी असताना तुला एकही विचारला नाही. तुझ्या दारावर काठी पडायची, मी भिंतीपलीकडे उशी डोक्यावर घेऊन पडायचो, आणि शेवटी त्या आवाजापासूनच पळालो. मला वाटायचं, मला कळलंय. काय कळलं होतं? डॉब्सन पुढे गेल्यावर तू काय करतेस? परत झोपतेस का? चूल पेटवतेस? वाट बघत नसशील, तर त्या वेळी मनात काय असतं? आयझॅक गेल्यापासून तुला कोणी काही विचारलंच नाही. सगळ्यांनी पाटी वाचली आणि पुढे गेले.

म्हणून मी विचारतो. ताई, तू कशी आहेस?

सावकाश लिही, लांबलचक लिही. छापायला नको, मला हवं आहे.

तुझ्या उत्तराची खरंच वाट बघणारा,
नेड